ट्रॅव्हल-टुरिझमचा कोर्स आखताय? आधी परीक्षा ठरवा, विषय नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुंबईच्या उपनगरात तुमच्या संस्थेची शाळा आणि ज्युनियर कॉलेज आहे. दहावीनंतरच्या, म्हणजे १५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दोन वर्षांचा ट्रॅव्हल-टुरिझमचा व्यवसाय अभ्यासक्रम काढायचाय आणि मसुदा तुमच्या गळ्यात पडलाय. विषय कोणते, तास किती, सर्टिफिकेट कोणाचं, आणि एअरलाइन बुकिंगचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, हे तुम्ही विचारलंय. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

मी अकरा वर्षं दादरला ट्रॅव्हलच्या काउंटरवर आणि टूरवर काढली. नंतरची बारा वर्षं याच वयाच्या मुलांना हे शिकवतेय. त्यामुळे उत्तर त्या दोन खुर्च्यांवरून आलंय असं समजा.

तुम्ही विषयांची यादी मागितलीत. यादी कुठेही मिळते: पर्यटनाचे प्रकार, भारतातील पर्यटनस्थळं, ग्राहकसेवा, तिकीटिंग, मार्केटिंग. माझा पहिला मसुदाही असाच होता, चांगला चाळीस पानी. त्यातून शिकलेली मुलं परीक्षेत 'पर्यटनाचे आर्थिक परिणाम' यावर दीड पान लिहायची आणि काउंटरवर बसवलं की फोन वाजला तर शेजारच्याकडे बघायची. तेव्हापासून मी उलटीकडून सुरुवात करते. दोन वर्षांनी हे पोर हातात काय घेऊन जाईल, की जे बघून फोर्टमधला एखादा ट्रॅव्हलवाला म्हणेल, "उद्यापासून ये"? ते आधी ठरवायचं. ते तपासायचं कसं, हे त्याच्या पाठोपाठ. विषय त्यातून आपसूक पडतात.

आधी सर्टिफिकेटचं बोलू, कारण ते सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळा सीबीएसईची असेल तर रस्ता तयार आहे. नववी-दहावीला ४०६ क्रमांकाचा आणि अकरावी-बारावीला ८०६ क्रमांकाचा पर्यटनाचा कौशल्य विषय आहे, तो घ्यायचा. राज्य मंडळाची असेल तर शाळेतले कौशल्य विषय किंवा एचएससी व्होकेशनल (जुने लोक अजून एमसीव्हीसीच म्हणतात) यांतून वाट काढावी लागते. त्यात अनुदानित की विनाअनुदानित, शिक्षकाचं पद मंजूर आहे का, असे दहा फाटे फुटतात. ते तुमच्या ऑफिसातले हेडक्लार्क माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. या सगळ्याच्या वर २०१३ साली अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आहे आणि त्यावर लक्ष ठेवणारी एनसीव्हीईटी, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय नियामक परिषद, आहे. संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर छापलेलं सर्टिफिकेट समारंभाला छान दिसतं, पण पुढच्या प्रवेशाच्या खिडकीवर त्याची किंमत शून्य. पालक पहिल्याच सभेत विचारतात, "बारावी धरतात ना याला? पुढे डिग्री करता येईल ना?" त्यांना लेखी हो म्हणता येईल असाच रस्ता निवडा. म्हणजे चौकट असलेलीच घ्यायची आणि तिच्या आतला माल मुंबईचा भरायचा. नवी अर्हता शून्यातून मंजूर करून घेण्यात तुमची पहिली बॅच लग्नाच्या वयाची होईल.

तासांचं गणितही तिथेच सुटतं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट धरलंय. त्या ३० तासांत वर्गातलं शिकवणं येतं, तसंच प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि कामावरचा अनुभवही येतो. म्हणून 'आठवड्याला इतके पिरियड' असं मांडू नका. कामाचे तुकडे मांडा आणि प्रत्येकाला तास लावा.

आता माल. मी चार कामं धरते. प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये ती चारही पुराव्यासकट असलीच पाहिजेत: एक कॉस्टिंग (सहलीच्या खर्चाचा हिशोब), एक फोन, एक वॉक आणि एक फसलेला बेत.

पण त्याआधी पहिला दिवस. पहिल्या दिवशी 'पर्यटनाची व्याख्या' फळ्यावर लिहू नका. विचारा, "तुमच्या घरी गणपतीचं तिकीट कोण काढतं?" मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या वर्गात निम्मे हात वर जातात. कोणाचा मामा रात्रभर रेल्वेच्या आरक्षण खिडकीच्या रांगेत बसलेला असतो, कोणाच्या ताईने सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइलवर झटापट केलेली असते. या मुलांना वेटिंग, आरएसी, तत्काळ हे शब्द आपल्याआधी येतात. मग त्यातूनच हिशोब काढायला लावायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस धरायचा नाही. तर चतुर्थीच्या तीन दिवस आधी निघायचं आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर परतायचं असेल, तर कुठल्या दोन तारखांना सकाळी तयार बसायचं? कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा चालू असतं, मग गाडीची वेळ कुठली धरायची? एका तासात मुलांना कळतं की हा विषय आपल्या घरातलाच आहे. वर्गातली भीती तिथेच निम्मी जाते.

कॉस्टिंगवर मी सगळ्यात जास्त तास घालवते, कारण नोकरी त्यावर मिळते आणि नोकरी जातेही त्यावरच. पहिल्या वर्षीचं उदाहरण देते. श्रीवर्धन-हरिहरेश्वर, दोन दिवस एक रात्र, १४ माणसं, १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. गाडीचा दर समजा किलोमीटरला २८ रुपये. मुलं मोबाइलवर नकाशा उघडतात, जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ४४० किलोमीटर काढतात, २८ ने गुणतात आणि १२,३२० रुपये लिहून पेन खाली ठेवतात. मग मी गाडीवाल्याचं कोटेशन वाचायला देते. त्यात बारीक अक्षरात असतं: रोज किमान ३०० किलोमीटर. म्हणजे दोन दिवसांचे ६०० धरायचे आणि बिल १६,८००. फरक ४,४८० रुपयांचा, माणशी ३२०. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. आणि 'गॅरेज टू गॅरेज', म्हणजे गाडी तुमच्या दारातून नाही, तिच्या दारातून मोजायची.

यानंतर मी सांगते, "चार जण गळाले." वर्गात शांतता. १४ जणांत गाडी माणशी १,२०० ला पडत होती, ती १० जणांत १,६८० ला पडते, आणि आपण तर भाव सांगून अ‍ॅडव्हान्स घेऊन बसलोय. कुठला खर्च माणसागणिक बदलतो आणि कुठला बदलत नाही, हे व्याख्या पाठ करून सतरा वर्षांच्या मुलाला कळत नाही. या ४८० रुपयांनी कळतं. पुढच्या वेळी तीच मुलं स्वतःहून विचारतात, "मॅडम, किती पॅक्स (म्हणजे प्रवासी) धरून कॉस्ट करायचं?" हा प्रश्न आला की मी मनातल्या मनात पास केलेलं असतं.

एक पथ्य पाळा. कराचे दर, व्हिसाच्या फिया, मर्यादा यांतलं काहीही अभ्यासक्रमात छापू नका. परदेशी पॅकेजवरचा टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करायचा कर) ऑक्टोबर २०२० मध्ये आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची रचना बदलली, एप्रिल २०२५ मध्ये ७ लाखांची मर्यादा १० लाखांवर गेली. मंडळाचं पुस्तक त्या वेगाने बदलत नाही. 'आजचा दर अधिकृत ठिकाणी शोधून, तारीख टाकून कॉस्टिंगमध्ये लावता येतो' एवढंच लिहा आणि तेच तपासा.

दुसरं काम फोन. इथे भाषेचा मुद्दा येतो. बहुतेक संस्था घाबरून 'स्पोकन इंग्लिश'चे शंभर तास टाकतात. माझं मत वेगळं आहे. दादर-गिरगाव-ठाणे-डोंबिवलीचं गिऱ्हाईक मराठीत आणि हिंदीत बोलतं, आणि हॉटेलला, एअरलाइनला पाठवायचा मेल इंग्रजीत असतो. म्हणून बोलणं मराठी-हिंदीत तपासा आणि लिहिणं इंग्रजीत. मेलचे साचे दहा-बाराच असतात. बुकिंगची विचारणा, रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत याची यादी), रद्द करणं, परताव्याची आठवण. ते घोटून घ्या. मराठी माध्यमाचं मूल सहा महिन्यांत ते बिनचूक लिहितं, मी बघितलंय.

फोनच्या परीक्षेत मी स्टाफरूममधून गिरगावातल्या चिडक्या काकांच्या आवाजात फोन करते. बातमी नेहमी वाईटच असते. एका विद्यार्थिनीने दिलेलं उत्तर मी आजही नमुना म्हणून वाचून दाखवते: "काका, नमस्कार. तुमची सहाही तिकिटं वेटिंगलाच राहिली, चार्ट लागलाय. ऑनलाइन काढलेली आहेत, त्यामुळे आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत येतील. आता दोन रस्ते आहेत. आज रात्रीच्या एसी बसला सहा सीट आहेत, भाडं मी लगेच सांगते. नाहीतर परवाच्या गाडीचं तत्काळ उद्या सकाळी उघडेल, एसीचं दहाला, नॉन-एसीचं अकराला. पण मिळेलच असं मी आत्ता म्हणत नाही."

यात मी चारच गोष्टींना गुण देते. वाईट बातमी पहिल्या दोन वाक्यांत सांगितली का? निदान दोन पर्याय दिले का? पैशांचं काय होणार ते सांगितलं का? आणि हातात नाही ते कबूल केलं का? शेवटचीला सगळ्यात जास्त. 'करून देते काका, काळजीच करू नका' म्हणणारी पोरं गोड असतात आणि कंपनीला महागात पडतात.

फोनच्याच जोडीला मी 'नाव' नावाचा छोटासा भाग ठेवलाय, फक्त सहा तासांचा. कुठल्याही छापील अभ्यासक्रमात तो मला दिसला नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन गाड्यांची रांग असते. आधारवर लग्नानंतरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, पॅनवर मधलं नाव गायब. आईचं तिकीट मुलीने घाईत काढलं तर कुठलं नाव टाकलं जाईल याचा नेम नाही. परदेशाचं तिकीट पासपोर्टवर आहे तस्संच हवं. मुलांना घरच्यांची कागदपत्रं (नंबर झाकून) आणायला सांगते आणि जुळवायला लावते. त्याच दिवशी मुदतही बघायची. पंधराखालच्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. बरेच देश निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. दरवर्षी या तासाला दोन-तीन घरांत पासपोर्टचं काम निघतं आणि पालक माझे कायमचे मित्र होतात.

वॉक, म्हणजे पंधरा मिनिटांची मार्गदर्शित फेरी, हे तिसरं काम. यात मुंबई तुमची प्रयोगशाळा आहे, तीही लोकलच्या पासात. सीएसएमटी घ्या. मुलं विकिपीडियावरून पाठ करून येतात: १८७८ ला काम सुरू, १८८८ ला पूर्ण, वास्तुविशारद स्टीव्हन्स, २००४ पासून जागतिक वारसा. सगळं बरोबर आणि ऐकणारा तिसऱ्या वाक्याला मोबाइल काढतो. माझा नियम एकच आहे: उभं राहिलात तिथून जे दिसतं त्यावरूनच बोलायला सुरुवात करायची. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, ब्रिटन आणि भारत. रोज तिथून धावत जाणाऱ्या किती जणांनी तो वाघ पाहिलाय? "वाघ कुठेय, शोधा" म्हटलं की माणसं मान वर करतात, आणि मग १८८८ सांगितलेलं ऐकूनही घेतात. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक आणि समोर आर्ट डेको, हा २०१८ चा वारसाही असाच उभ्याउभ्या दाखवता येतो. मात्र हे सगळं वर्गमित्रांसमोर करायचं. संरक्षित स्मारकांत पैसे घेऊन गाइडचं काम करायला परवाना लागतो आणि ही मुलं अल्पवयीन आहेत. पर्यटकांना धरून 'प्रॅक्टिस' करू देऊ नका.

चौथं काम, फसलेला बेत, हे मला माझ्याच चुकीने सुचलं. आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकाचा दिवस सोमवार होता. मी झोकात एलिफंटाची सहल लावली. ३८ मुलं, डबे, टोप्या, आणि गेटवेला पोचल्यावर लाँचवाला हसून म्हणाला, "मॅडम, आज सोमवार." सोमवारी लेणी बंद. हे मी टूरवर शंभर गिऱ्हाइकांना सांगितलेलं वाक्य! त्या दिवशी मुलांना गेटवेवरच बसवलं आणि तासभर फक्त बघायला लावलं. फोटोवाला गिऱ्हाईक कसं हेरतो, कुठल्या भाषेत सुरुवात करतो, नाही म्हटल्यावर किती वेळा पुन्हा विचारतो. नंतर प्रत्येक गटाने दुपारचा नवा बेत वीस मिनिटांत आखायचा, खर्चासकट. तो दिवस वर्षातला सगळ्यात चांगला ठरला, हे प्राचार्यांना मात्र मी बऱ्याच उशिरा सांगितलं. आता ही रीतसर परीक्षा आहे. आखलेल्या बेतात परीक्षक ऐनवेळी एक खोड काढतो: मांडव्याची बोट बंद, घाटात दरड, एका आजीला पायऱ्या चढता येत नाहीत. मूल काय बदलतं, कोणाला आधी कळवतं, पैसे कुठून आणतं, ते लिहून काढतं.

ऑन-जॉबबद्दल, म्हणजे कामावरच्या अनुभवाबद्दल, जरा सावध. काउंटरचा अनुभव हवाच, पण विमानतळ डोक्यातून काढा. आत काम करायला पास लागतो, त्याआधी पडताळणी असते, आणि अठराखालच्या मुलांसाठी कोणी त्या भानगडीत पडत नाही. ट्रॅव्हलची छोटी ऑफिसं, हॉटेलचा फ्रंट डेस्क, संग्रहालयं बरी. प्रत्येक ठिकाणी एका माणसाची नावानिशी जबाबदारी लेखी घ्या. संध्याकाळी सातनंतर थांबवायचं नाही, मुलींना एकेकट्या पाठवायचं नाही, पालकांची सही आणि विमा आधी. आणखी एक अडचण हंगामाची. एप्रिल-मे आणि दिवाळीत मुलांना सुट्टी असते, तेव्हाच ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो. मालक हो म्हणतो आणि मूल पंधरा दिवस झेरॉक्स काढतं. मी जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला दोन दिवस पाठवते. तेव्हा दिवाळीच्या टूरचं बुकिंग चालू असतं आणि समजावून सांगायला माणूस मोकळा असतो.

सॉफ्टवेअरचं उत्तर: घेऊ नका, निदान पहिल्या बॅचला तरी नको. अमाडियस, गॅलिलिओ, सेबर या एअरलाइन बुकिंगच्या यंत्रणांची नावं आणि त्यांचं काम मुलांना माहीत असावं. पीएनआर वाचता यावा, फोनवर स्पेलिंग सांगायचं अल्फा-ब्राव्हो-चार्ली घोटलेलं असावं, विमानतळांचे साठएक कोड तोंडपाठ असावेत. (शहराचं नाव १९९५ ला बदललं तरी विमानतळाचा कोड बीओएमच राहिला, ही गोष्ट सांगितली की कोड लक्षात राहतो.) पण छोट्या ऑफिसांत आज बरंचसं बुकिंग वेगवेगळ्या पोर्टलवर होतं, आणि ते चालवायला मूल आठवड्यात शिकतं. त्याच पैशांत दहा कॉम्प्युटर, स्प्रेडशीट आणि एक साधा लँडलाइन जोड मिळेल. लँडलाइन हसण्यावारी नेऊ नका. आजच्या मुलांना समोरचा दिसत नसताना, हातात नोंदवही घेऊन बोलायची सवयच नाही.

शिक्षक कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण गाडी तिथेच अडेल. धंद्यातल्या माणसाला वर्ग सांभाळता येत नाही आणि वर्ग सांभाळणाऱ्याने कधी रूमिंग लिस्ट पाहिलेली नसते. मी दोघांना एकाच तासाला वर्गात ठेवते, आठवड्यातून एकदा. मानधनावरून संस्था कुरकुर करते. तेव्हा चारही कामांच्या परीक्षेला धंद्यातला बाहेरचा परीक्षक लागतोच, तोच हा माणूस, असं सांगून मी पदरात पाडून घेते.

म्हणून मसुद्याचं पहिलं पान असं लिहा: चार कामं, प्रत्येकाखाली 'काय दिसलं म्हणजे पास', आणि प्रत्येकाला तास. मग चौकटीतल्या मंजूर अभ्यासक्रमातले घटक त्या चारांखाली टाका. एखादा कुठेच बसत नसेल तर शिकवावा लागेलच, पण दोन तासांत उरका. ते पान तयार झालं की मंडळाकडे जायच्या आधी तुमच्या स्टेशनाजवळच्या तीन ट्रॅव्हल ऑफिसांत घेऊन जा. मालकाला एकच विचारा, "यातलं काय येत असेल तर तुम्ही मुलाला पगार द्याल?" आणि तो ज्यावर बोट ठेवेल तिथले तास वाढवा.